राजीनामा ते पहिली आवृत्ती: एक हिशेब

मार्च 2025 मध्ये माझी पहिली कादंबरी निघाली. तेव्हापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण फोन करतात. पुस्तकाबद्दलचं बोलणं दोन वाक्यांत उरकतं आणि मग खरा प्रश्न येतो: नोकरी सोडली, तर भागवलं कसं? विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत असतात आणि त्यांच्या लॅपटॉपमध्ये एक अर्धवट फाईल पडलेली असते. दर वेळी पहिल्यापासून सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवते.

मी अकरा वर्षं हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीच्या पेरोल विभागात होते. लोकांचे पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, सोडून जाणाऱ्यांचा शेवटचा हिशेब, हेच काम. त्यामुळे कागदांची धास्ती नव्हती. पण इतक्या लोकांचे राजीनामे निस्तरल्यावर एक गोष्ट पक्की कळली होती. पगार जाणार हे सगळेच धरून चालतात. त्याच्यासोबत दवाखान्याचं कार्ड जातं, सकाळी उठण्याचं निमित्त जातं, ‘सध्या काय करता?’ याचं उत्तर जातं, हे कुणी मोजत नाही. यातल्या एकेकाची सोय स्वतःच लावावी लागते. माझा निम्मा जीव त्यातच गेला, लिहिण्यात नंतर.

सुरुवात 2020 च्या लॉकडाउनमध्ये झाली. मी गावी आले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ. गाडी बंद पडली, रूळ तेवढे उरले. घरी आई एकटी, पाच एकर वावर मक्त्यानं दिलेलं. नेट फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायचं, तिथं छत्री बांधून मी पगाराच्या फाईली चालवायचे. दिवेलागणीला शेजारचे मामाजी ओसरीवर येऊन बसत. ते कापूस एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडर होते. तरुण वाचकांना हे माहीत नसेल: 1972 पासून पुढची साधारण तीस वर्षं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी योजनेच्या केंद्रावरच घालावा लागायचा. ग्रेडर म्हणेल तो दर्जा, आणि दर्जाप्रमाणे भाव. पैसे चुकाऱ्यांनी, म्हणजे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. केंद्रासमोर बैलबंड्यांच्या रांगा लागायच्या, लोक बंडीखालीच झोपायचे. आणि ज्यांना चुकाऱ्यांची वाट पाहवत नव्हती त्यांचा कापूस रातोरात राज्याच्या सीमेपलीकडे, आदिलाबादकडे निघायचा. मामाजींच्या तोंडून हे ऐकता ऐकता एक माणूस माझ्या डोक्यात शिरला, ज्याच्या बोटांवर अख्ख्या पंचक्रोशीचा भाव ठरतो आणि ज्याच्याशी त्यामुळेच कुणी मोकळं बोलत नाही.

2021 च्या दिवाळीपर्यंत पन्नास-साठ पानं झाली होती. मग कंपनीनं परत ऑफिसात यायला सांगितलं. पुण्यात जाऊन पाहिलं. रात्री अकराला घरी येऊन लिहिता येतं असं म्हणणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मला नाही जमलं.

राजीनाम्याआधी जी तयारी केली, ती सविस्तर सांगते, कारण इथेच लोक घाई करतात.

शिल्लक किती लाख आहे हे बघण्याऐवजी ती किती महिने पुरेल हे बघितलं. गावात आम्हा दोघींचा खर्च महिना चौदा हजार. विम्याचा हप्ता, लग्नकार्यं, दिवाळी, मोटारपंपाची दुरुस्ती धरून अठरा. बाबांच्या आजारपणात बरीच शिल्लक गेली होती. उरलेली बचत आणि मिळणारी ग्रॅच्युइटी मिळून साधारण सव्वादोन वर्षं निघत होती. पीएफ या हिशेबात धरलाच नाही. तुम्हीही धरू नका.

मग विमा. कंपनीचा गट विमा शेवटच्या दिवशी संपतो, त्याच रात्री. आई माझ्या पॉलिसीत होती, तिला बीपी आहे. नवी पॉलिसी काढली तर आधीच्या आजारांना पुन्हा काही वर्षांचा प्रतीक्षा काळ लागतो. पण गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी झालेली वर्षं धरली जातात. हे एचआरमधल्यांनाही अनेकदा माहीत नसतं. अर्ज मात्र नोकरीत असतानाच करायचा. आईचा वर्षाचा हप्ता एकतीस हजार बसला. आकडा पाहून आई म्हणाली, एवढ्यात तर मी बरीच होईन.

बँकेचं काम किरकोळ वाटतं, पण करून टाका. पगार जमा होणं थांबलं की काही महिन्यांनी सॅलरी अकाउंटचं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक ठेवावी लागते, नाहीतर दंड. क्रेडिट कार्ड लागणार असेल तर सॅलरी स्लिप आहे तोवर घ्या. कर्ज असेल तर आधी फेडा.

राजीनामा जानेवारी 2022 मध्ये दिला. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, म्हणजे शेवटचा दिवस एप्रिलमध्ये पडत होता आणि ते मुद्दामच तसं जुळवलं होतं. शिल्लक रजेचे आणि इतर पैसे नव्या आर्थिक वर्षात हाती आले. त्या वर्षी बाकी उत्पन्न जवळपास नव्हतंच, त्यामुळे कापलेला कर रिटर्न भरून परत मिळाला. साहेबांनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा देऊ केली होती. मी घेतली नाही, कारण मला माझा स्वभाव माहीत होता. पाचव्या महिन्यापासून मी परत जायच्या तारखाच मोजल्या असत्या. पण तुम्हाला कुणी देत असेल तर शंभरदा विचार करून मगच नाही म्हणा.

ग्रॅच्युइटीचं गणित माझ्या वेळी सोपं होतं: शेवटचा मूळ पगार गुणिले 15 भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. माझा मूळ पगार बेचाळीस हजार होता, अकरा वर्षांचे दोन लाख सहासष्ट हजार झाले. पाच वर्षं पूर्ण झालेली हवीत. कायद्यानं तीस दिवसांत मिळायला हवी. मला जूनच्या अखेरीस मिळाली आणि तेही स्वतः अर्ज देऊन, दोन स्मरणपत्रं पाठवून. आयुष्यभर दुसऱ्यांची स्मरणपत्रं मी वाचली, त्याची फेड असावी.

पीएफमध्ये दोन गोष्टी अडतात. एक, कंपनीनं पोर्टलवर तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकलेली हवी, नाहीतर दावा पुढे सरकत नाही. दोन, पेन्शनचा भाग. दहा वर्षांच्या आत सोडलं तर तो काढता येतो. दहा पूर्ण झाली की तो रोख मिळत नाही, स्कीम सर्टिफिकेट मिळतं आणि पेन्शन पुढे वयानुसार. माझी अकरा झालेली, त्यामुळे सर्टिफिकेट घेतलं आणि पीएफची रक्कम जिथल्या तिथे ठेवली. काढण्याचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या वेळी पोर्टलवर बघूनच ठरवा. आणि रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, फॉर्म 16, सगळ्या सॅलरी स्लिपा, हे ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत स्वतःच्या मेलवर घ्या. नंतर कुणी ओळख देत नाही.

मे 2022 मध्ये सामान घेऊन गावी आले. मे महिन्यात विदर्भात घर बदलू नये, हा या लेखातला सर्वात मोलाचा सल्ला समजा. इन्व्हर्टर घेतला, कूलरला नवीन गवत लावलं. सकाळी नऊनंतर डोकं चालत नव्हतं, म्हणून पहाटे साडेचारला उठून लिहायला बसायची सवय लागली. उन्हाळा गेला, पावसाळा आला, वेळ तीच राहिली.

गावानं पहिल्या महिन्यात तीन कारणं शोधली: कंपनीनं काढलं, लग्न जुळतंय, किंवा काही आजार आहे. विहिरीवरच्या काकूनं सरळच विचारलं, “काहून वं, एवढा पगार सोडून आली तं घरी काय करून राहिली?” मी म्हटलं, पुस्तक लिहिते. “मंग ते त रातीही लिहिता येते!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. आईनं मात्र महिनाभरात स्वतःचं उत्तर तयार केलं. कुणी विचारलं की ती म्हणायची, “ते एकाधिकारवर पुस्तक लिहून राहिली, मामाजीले इचारा.” झालं. ज्यांनी ज्यांनी एकाधिकारात कापूस घातला होता ते सगळे आपापला अनुभव घेऊन ओसरीवर यायला लागले. बँकेत केवायसीच्या फॉर्मवर व्यवसाय म्हणून मी ‘लेखक’ लिहिलं, तर समोरच्या मुलानं संगणकावर ‘गृहिणी’ निवडलं. यादीत लेखक नाही म्हणाला. शेतकरी टाकावं तर सातबारा आईच्या नावावर. शेवटी ‘स्वयंरोजगार’वर तडजोड झाली.

ऑगस्टपासून थोडं काम धरलं. दारव्हा आणि यवतमाळकडच्या दोन जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या, कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांच्या आरोग्य विम्याचं) महिन्याचं काम. चलन दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे दहा ते पंधरा एवढेच दिवस लिखाण बंद. महिन्याला बारा हजार मिळायचे. सव्वादोन वर्षांची शिल्लक त्यामुळे कितीतरी पुढे सरकली. शिवाय जिनिंगच्या आत जायला मिळालं, हा मोठा फायदा. कापसाची गंजी, रुई आणि सरकी वेगळी होताना उडणारी तुसं, एकशे सत्तर किलोची गठाण पट्ट्यांनी आवळली जाताना होणारा आवाज, हे ऐकीव माहितीवर लिहिता आलं नसतं. जमलं तर जुन्या कामाचा एक तुकडा सोबत ठेवा. पूर्ण मोकळा दिवस मिळाला की मी तरी तो वाया घालवते.

माहिती गोळा करण्यात सर्वात जास्त वेळ गेला. मला माझ्या कथेतल्या एका हंगामातले दर्जानुसार भाव आणि चुकाऱ्यांच्या तारखा हव्या होत्या. माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा आणि एका अर्जात एकच विषय. कादंबरीकारासाठी उत्तम सराव आहे. उत्तर तीस दिवसांच्या मुदतीत आलं: अभिलेख मुदतबाह्य झाल्याने नष्ट करण्यात आले आहेत. मग लोकांकडेच गेले. एका घरी ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, त्या काळातल्या काट्याच्या पावत्या सापडल्या. पिवळ्या पडलेल्या, पण वजन, दर्जा, सही, सगळं वाचता येणारं. फोटो काढले आणि पावत्या त्यांना परत दिल्या. तुम्हीही मूळ कागद घरी आणू नका, गावात संबंध टिकवायचे असतात.

मामाजींनी एकदा हातात कापूस देऊन शिकवलं. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि बोटांत धरायचा, हळूच ओढून तोडायचा, तुटलेली टोकं जुळवून परत ओढायचा, असं करत करत तंतू समांतर होतात आणि लांबी दिसते. मग मुठीत दाबून सोडायचा. कोरडा कापूस फुलून वर येतो, ओला तसाच दबून राहतो. पाणी मारून आणलेला असेल तर आतून गार लागतो. मी डोळ्यांजवळ नेऊन पत्तीचा कचरा बघत होते, तर त्यांनी माझा हात खाली केला. “डोयानं पाह्यलं तं फसशील. बोटाले इचार.” त्यांची मुलं शहरात. ही कला विचारायला त्यांच्याकडे कित्येक वर्षांत कुणी गेलं नव्हतं. कादंबरीचं तिसरं प्रकरण अख्खं त्या दुपारचं आहे.

जुलै 2022 च्या अतिवृष्टीत आमच्या भागातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडली, त्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. पण त्याच हंगामाचा माझ्या लिखाणाशी थेट संबंध आला. आधीच्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. 2022-23 मध्ये सुरुवातीला आठेक हजार होता, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, थांबू. कापूस विकायचा नाही, घरात भरून ठेवायचा. आमचं वावर ज्यांनी केलं त्यांच्या घरी जागा नव्हती. त्यांनी आईला विचारलं, आईनं हो म्हटलं, आणि माझी लिहायची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली. टेबल, खुर्ची, पुस्तकं, सगळं बाहेर सपरीत, म्हणजे पडवीत. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. भाव वाढण्याऐवजी उतरत गेला आणि उन्हं तापली तशी घरात साठवलेल्या कापसानं सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. गावातली निम्मी माणसं हातपाय खाजवत होती आणि मोबाइलवर भाव बघत होती. शेवटी सात हजारांच्या आतबाहेर विकला. पण खरं सांगायचं तर पुस्तकातला थांबण्याचा भाग, रांगेत, चुकाऱ्यासाठी, भावासाठी, तो त्या सपरीत बसूनच लिहिला गेला.

पहिला खर्डा ऑगस्ट 2023 मध्ये संपला, एक लाख दहा हजार शब्द. दुसरा फेब्रुवारी 2024 मध्ये, ऐंशी हजार. मधला काळ कापण्यात गेला. पहिल्यांदा वाचायला दोघांना दिला: एक निवृत्त शिक्षक आणि एक पुण्याची सहकारी, जिनं आयुष्यात कापसाचं बोंड पाहिलेलं नाही. दोघांना जिथे एकाच पानावर अडखळायला झालं ते पान काढून टाकलं. एकालाच अडखळलं असेल तर माझ्या मनाला विचारलं. दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट प्रिंट काढून वाचायला द्या. फोनवर पाठवलेली कादंबरी कुणी वाचत नाही, ‘वाचतो’ म्हणतात.

टायपिंग युनिकोडमध्येच करा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या. आठ-दहा दिवस बोटं अडखळतात, मग जन्मभराची सोय. बोलून टाइप करण्याची सोयही वापरून पाहिली, पण वऱ्हाडी संवाद म्हटले की फोन काहीच्या बाही लिहायचा.

मार्च 2024 मध्ये कॉपीराइट नोंदणीचा ऑनलाइन अर्ज केला. साहित्यकृतीसाठी पाचशे रुपये. डायरी नंबर लगेच मिळतो, त्यानंतर आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावं लागतं, मग तपासणी. हे सक्तीचं नाही. लिहिलं की कॉपीराइट तुमचाच असतो, लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. हस्तलिखित अनोळखी लोकांकडे जाणार होतं म्हणून मनाच्या समाधानासाठी केलं. आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, काळजी करू नका, तो प्रकाशक घेतो. स्वतः छापणार असाल तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या पोर्टलवर तो फुकट मिळतो; त्याचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. जाहिरातीकडे लक्ष ठेवा. अट लक्षात घ्या की ती अप्रकाशित हस्तलिखितांसाठी आहे, म्हणजे निकालापर्यंत पुस्तक छापता येत नाही. मला प्रकाशक मिळाल्यावर मी तो मार्ग सोडला. ज्यांना घाई नाही त्यांनी जरूर बघावा.

प्रकाशकांचा अनुभव थोडक्यात. वाट पाहावी लागते, सहा महिने हा सर्वसाधारण काळ धरा. अनेकांकडून उत्तरच येत नाही. एका ठिकाणाहून पंधरा दिवसांत होकार आला आणि खाली एक ओळ: लेखकानं तीनशे प्रती छापील किमतीला घ्याव्यात. म्हणजे लाखाच्या वर रक्कम. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं यात मला काही गैर वाटत नाही, विदर्भातली किती चांगली पुस्तकं तशी निघाली असतील. पण मग त्याला छपाई म्हणावं आणि मुद्रकाकडे जाऊन निम्म्या खर्चात करावं. मी नकार कळवला. त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. खात्यातली शिल्लक आणि वय, दोन्ही आकडे रात्री डोळ्यांसमोर यायचे. यवतमाळला एका कंपनीत जागा निघाली होती, बायोडाटा तयारही केला होता. तो पाठवला नाही एवढंच, ठरवून वगैरे नाही. ऑक्टोबरमध्ये एका छोट्या प्रकाशनाचा फोन आला.

करार नोव्हेंबर 2024 मध्ये झाला. स्टॅम्प पेपर पाचशेचा. त्याच्या आदल्याच महिन्यापर्यंत शंभरचा चालायचा. कराराबद्दल चार शब्द. रॉयल्टी दहा टक्के, हे ऐकून खूश होऊ नका, कशाच्या दहा टक्के ते विचारा. चारशे रुपये किमतीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे चाळीस रुपये. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट देऊन उरलेल्या रकमेच्या दहा टक्के म्हणजे चोवीस. मुदत लिहून घ्या. करारात मुदत नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. आणि ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट हे हक्क एकाच वाक्यात देऊन टाकू नका. मी पुस्तक आणि ई-बुक दिलं, बाकी स्वतःकडे ठेवलं. माझ्यासमोर कुणी चित्रपटासाठी रांग लावलेली नाही, तरीही. पाचशे प्रतींची आवृत्ती, मला पंचवीस प्रती भेट, हिशेब सहा महिन्यांनी.

प्रुफांनी दमवलं. माझी युनिकोड फाईल त्यांनी डीटीपीच्या फॉन्टमध्ये बदलली आणि त्या बदलात सगळे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ मोडले. कापसाच्या कादंबरीत पऱ्हाटी आणि शेतकऱ्याशिवाय पान निघत नाही. प्रत्येक पानावर लाल शाई. त्यातच मुद्रितशोधकांनी प्रामाणिकपणे, अत्यंत मेहनतीनं, पात्रांच्या तोंडचं ‘मले-तुले’ सगळीकडे ‘मला-तुला’ केलं होतं. विहिरीवरची काकू एकदम सदाशिव पेठेत राहायला गेली. सगळं परत फिरवलं. बोलीत संवाद असतील तर हस्तलिखितासोबत बोलीतल्या शब्दांची यादी द्या आणि वर ठळक लिहा: हे असेच ठेवावेत. पानं भरली 311. छपाईचा एक फर्मा सोळा पानांचा असतो, म्हणजे एकतर 320 तरी करा नाहीतर 304. कागदाचा भाव ऐकून 304 ठरलं. सात पानं काढायची होती. एक अख्खं लग्न गेलं. पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही त्याची उणीव भासलेली नाही.

पुस्तक डिसेंबरअखेर काढायची प्रकाशकांची इच्छा होती, मी पुढे ढकलायला सांगितलं. राज्य वाङ्मय पुरस्कारांसाठी जानेवारी ते डिसेंबर या वर्षात निघालेली पहिली आवृत्ती धरतात, प्रथम प्रकाशनाचा विभागही वेगळा आहे; वर्ष संपता संपता निघालेल्या पुस्तकाला प्रती पाठवायला हाताशी फारसे दिवस राहत नाहीत. पुरस्काराची आशा होती असं नाही, पण तारखा सांभाळणं हा जुना रोग.

प्रकाशन समारंभ केला नाही, हॉल आणि पाहुण्यांचा प्रवास प्रकाशकाच्या नाही, लेखकाच्या खिशातून होतो. त्या पैशात पन्नास प्रती विकत घेतल्या आणि आसपासच्या सार्वजनिक वाचनालयांना दिल्या. मामाजींना पहिली प्रत दिली. ते पुस्तक उलटंसुलटं करून बघत होते, मग कागद चिमटीत धरून म्हणाले, “कागद बरा हाय.” दोन दिवसांनी वाचून परत आले आणि चुकाऱ्याच्या एका तारखेवरून तासभर भांडले. पावतीचा फोटो दाखवल्यावर गप्प झाले, मान्य मात्र केलं नाही.

सप्टेंबर 2025 अखेरचा पहिला हिशेब आला: 214 प्रती, आठ हजार पाचशे साठ रुपये. ही रक्कम टीडीएसच्या मर्यादेच्या खूप आत आहे, त्यामुळे कापलं काही नाही. जुनी करप्रणाली निवडली तर साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते. तरतूद चांगली आहे, मी तिच्यापर्यंत कधी पोचते ते बघू. सगळी आवृत्ती संपली तर वीस हजार होतील, म्हणजे आमचा एका महिन्याचा खर्च निघून वर दोन हजार. पुस्तकावर जगता येतं का, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी हाच आकडा डायरीत लिहून घ्यावा.

जिनिंगचं काम चालू आहे, आता तीन कारखाने झालेत आणि महिन्याचे अठरा हजार येतात, म्हणजे बचतीला हात न लावता भागतं. आईच्या पॉलिसीचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे, हप्ता वाढून आलाय. प्रकाशकांनी दुसऱ्या पुस्तकाबद्दल विचारलं आहे. माहिती अधिकाराचा नवा अर्ज मागच्या आठवड्यात टाकला, या वेळी विषय शकुंतला रेल्वेच्या मालधक्क्याचा आहे. दीडशे शब्दांत बसवताना तीन शब्द जास्त होत होते. ‘कृपया’, ‘विनंती’ आणि ‘आपली’ काढल्यावर बसला.